तात्पुरते आकाश

११ मे २००५ या दिवशी मध्यान्हीच्या सुमारास वॉशिंग्टनमधील कॅपिटॉलच्या इमारतीतून माणसे अक्षरशः धावत बाहेर पडत होती. व्हाइट हाउस आणि सर्वोच्च न्यायालयही रिकामे केले जात होते. सुमारे ३५,००० माणसे त्या दिवशी रस्त्यावर आली असे नंतर सांगण्यात आले. हे सारे ज्याच्यामुळे घडले ते विमान सेस्ना १५० जातीचे होते. दोन आसने, एक इंजिन, आणि पूर्ण भरल्यावर वजन सव्वासातशे किलोच्या आतबाहेर; म्हणजे आपल्याकडील मारुती ८०० च्या जवळपास. आत दोघे होते. एक परवानाधारक वैमानिक, दुसरा अजून शिकाऊ. पेनसिल्व्हेनियातील स्मोकटाउनहून निघून ते नॉर्थ कॅरोलायनातील लंबर्टन येथे विमानांच्या कसरती पाहायला चालले होते. वाटेत रस्ता चुकले, आणि व्हाइट हाउसपासून तीनेक मैलांवर पोहोचले. एफ-१६ विमानांनी त्यांच्यापुढे अग्निबाण सोडून त्यांना वळवले आणि मेरीलँडमधील फ्रेडरिकच्या विमानतळावर उतरवले. राष्ट्राध्यक्ष बुश त्या वेळी शहराबाहेर सायकल चालवीत होते. सारे आटोपल्यावर त्यांना वार्ता देण्यात आली.

या प्रसंगाकडे फजिती म्हणून पाहणे सोपे आहे. मला मात्र तो एका शब्दाच्या दीर्घ प्रवासातला मुक्काम वाटतो. तो शब्द म्हणजे ‘तात्पुरते’. अमेरिकेच्या विमानोड्डाण नियमांत ‘टेम्पररी फ्लाइट रिस्ट्रिक्शन’, वैमानिकांच्या बोलीत टी.एफ.आर., नावाची जी गोष्ट आहे, तिचा जन्म एका हेतूने झाला आणि ती वाढली भलत्याच हेतूने. हा बदल समजून घ्यायचा तर आधी त्या देशातील आकाशाची कल्पना समजून घेतली पाहिजे.

१९२६ च्या ‘एअर कॉमर्स अ‍ॅक्ट’ने उड्डाणयोग्य आकाशात मुक्त संचार हा जनतेचा हक्क आहे असे ठरवले. त्याच कायद्याने संरक्षणादी कारणांसाठी आकाशाचे काही तुकडे राखून ठेवण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना दिला. म्हणजे हक्क आणि त्याला पडणारे कुंपण ही जुळी भावंडेच म्हणायची. पुढे १९४६ साली कॉस्बी खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे एका कोंबड्या पाळणाऱ्याची तक्रार आली. लष्करी विमाने छपराला जवळजवळ घासून जात आणि कोंबड्या भेदरून भिंतींवर आपटून मरत. अशा दीडशेच्या आसपास कोंबड्या त्याने गमावल्या होत्या. न्यायालयाने त्याची नुकसानभरपाई मान्य केली, पण जमिनीची मालकी वर अनंतापर्यंत जाते हा जुना सिद्धान्त आधुनिक जगात टिकणार नाही, आकाश हा सार्वजनिक हमरस्ता आहे, असेही स्पष्ट केले. कायद्याच्या इतिहासात कोंबड्यांना इतके मानाचे स्थान क्वचितच मिळाले असेल.

या हमरस्त्यावर छोट्या विमानाचा मालक कसा हिंडतो? हवा स्वच्छ असेल तर डोळ्यांनी पाहत. खाली नदी, रेल्वेमार्ग, पाण्याची टाकी. मांडीवर १:५,००,००० प्रमाणाचा नकाशा. मोठ्या शहरांभोवतीचे नियंत्रित टापू टाळले तर कोणाला काही सांगण्याचे बंधन नाही, मार्गाचा आराखडा दाखल करण्याचेही नाही. आपल्याकडे बहुतेक उड्डाणांपूर्वी हवाई संरक्षण मंजुरीचा क्रमांक घ्यावा लागतो, त्यामुळे ही मोकळीक आपल्याला जवळजवळ अविश्वसनीय वाटते. परवान्यासाठी शिकणाऱ्याला ‘क्रॉस-कंट्री’, म्हणजे पन्नास नॉटिकल मैलांपलीकडची उड्डाणे करावी लागतात, त्यांतली काही एकट्याने. ओळखीचा टापू मागे टाकून केवळ नकाशा आणि होकायंत्र यांच्या भरवशावर परक्या गावी उतरणे, हा त्या शिक्षणाचा गाभा. एक अट मात्र आहे: निघण्यापूर्वी उड्डाणासंबंधीची उपलब्ध असलेली सर्व माहिती वैमानिकाने करून घेतलेली असली पाहिजे. ‘सर्व’ हा लहानसा शब्द पुढे फार महाग पडणार होता.

टी.एफ.आर.चा मूळ नियम वाचताना त्याचे साधेपण जाणवते. तो तीन कारणे सांगतो. जमिनीवरील एखाद्या संकटापासून माणसांचे व मालमत्तेचे रक्षण. मदतकार्यातील विमानांना मोकळी वाट. आणि लोकांचे कुतूहल चाळवणाऱ्या घटनेवर येणाऱ्या विमानांची धोकादायक गर्दी टाळणे. तिसरे कारण मला विशेष आवडते. ते सरळसरळ बघ्यांसाठी आहे! रस्त्यावर अपघात झाला की पोलीस दोरी बांधतात, तशी ही आकाशातली दोरी. जंगलाला वणवा लागला, पाणी टाकणारी विमाने खाली उतरू लागली, की तेवढ्यापुरते आकाश बंद. आग विझली की दोरी सोडली. त्या दोरीला वैमानिकाच्या हेतूशी काही कर्तव्य नव्हते. त्याने मध्ये येऊन स्वतःला आणि इतरांना अपाय करून घेऊ नये, इतकेच.

११ सप्टेंबर २००१ च्या सकाळी बेन स्लायनी या अधिकाऱ्याने, राष्ट्रीय संचालन व्यवस्थापक म्हणून आपल्या पहिल्याच दिवशी, देशावरील सर्व नागरी विमाने उतरवण्याचा आदेश दिला. साडेचार हजारांच्या आसपास विमाने जवळच्या विमानतळांवर उतरली. प्रवासी वाहतूक दोन दिवसांनी पुन्हा हळूहळू सुरू झाली. डोळ्यांनी पाहत उडणाऱ्या खासगी विमानांना मात्र त्याहून अधिक थांबावे लागले. ज्या चार विमानांनी संहार केला ती चारही मोठी प्रवासी विमाने होती, तेव्हा हा उलटा न्याय नव्हे काय, असे वैमानिक विचारू लागले. प्रश्न रास्त होता. पण त्याला दुसरी बाजूही होती. अपहरणकर्त्यांपैकी तिघे फ्लोरिडातील व्हेनिस या गावी छोट्याच विमानांवर उडायला शिकले होते. १९९४ साली एकाने चोरलेले सेस्ना १५० व्हाइट हाउसच्या हिरवळीवर आदळले होते, आणि जानेवारी २००२ मध्ये टँपा शहरात एका पंधरा वर्षांच्या मुलाने सेस्ना १७२ एका उंच इमारतीत घुसवले. या दोन्ही वेळी मेला तो केवळ विमान चालवणाराच. छोट्या विमानाने किती विध्वंस होऊ शकतो, याचे ते एक प्रकारे उत्तरच होते. पण भय असे हिशेब मांडत नाही.

यानंतर दोरीचे वर्तुळ झाले, आणि वर्तुळाच्या मध्यभागी घटनेऐवजी व्यक्ती आली. राष्ट्राध्यक्ष जिथे जातील तिथे तीस नॉटिकल मैल त्रिज्येचा निर्बंध, उंची अठरा हजार फुटांच्या खालपर्यंत. त्याच्या आत दहा मैलांचा गाभा, जिथे खासगी वैमानिकाला जवळजवळ मज्जावच. क्षेत्रफळ काढून पाहिले तर सुमारे ९,७०० चौरस किलोमीटर भरते, आपल्या सांगली जिल्ह्यापेक्षा मोठे. ताशी शंभर नॉटिकल मैलांनी जाणाऱ्या सेस्नाला हे वर्तुळ मधोमध ओलांडायला छत्तीस मिनिटे लागतील. शिवाय ते हिंडते. सकाळी एका राज्यात, दुपारी दुसऱ्या. निवडणुकीच्या दिवसांत तर एकाच दिवशी अनेक ठिकाणी. राष्ट्राध्यक्षांचा बेत बदलला की वर्तुळाची वेळही बदलते, आणि दूरच्या प्रवासाला सकाळी निघालेला वैमानिक दुपारी जिथे उतरणार असतो, ते गाव एव्हाना त्या वर्तुळात गेलेले असू शकते.

छापील नकाशा तेव्हा सहा महिने चालत असे. त्यावर ही वर्तुळे असण्याचा प्रश्नच नव्हता. ती कळत ‘नोटॅम’ या सूचनांतून, आणि या सूचनांची भाषा टेलिप्रिंटरच्या काळातली: सगळी मोठी अक्षरे, स्वर गाळलेली संक्षिप्त रूपे, ग्रिनिचची वेळ, आणि जागेचा पत्ता गावाच्या नावाने नव्हे तर एखाद्या रेडिओ-दीपस्तंभापासूनच्या अंशांत व मैलांत. वैमानिकाने तो मजकूर उलगडून पेन्सिलीने नकाशावर गोल काढायचा. ज्यांनी मोडी लिपीतला सरकारी कागद वाचायचा प्रयत्न केला आहे त्यांना या कष्टांची कल्पना येईल. पुढे संकेतस्थळांवर चित्ररूप निर्बंध दिसू लागले, आता तर कॉकपिटमधील पडद्यावर लाल वर्तुळ उमटते. तरी न कळल्याचा दोष अखेर वैमानिकाच्याच पदरी पडतो. चूक झाली तर परवाना काही काळ रद्द. जाणूनबुजून केली असे ठरले तर एक वर्षापर्यंत कैद.

काही वर्तुळे तर हललीच नाहीत. फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियातील डिस्नेच्या दोन उद्यानांवर तीन नॉटिकल मैलांचे निर्बंध २००३ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या एका खर्चविषयक विधेयकातून आले आणि आजही आहेत. तीस हजारांहून अधिक आसनांच्या क्रीडांगणांवर सामन्याच्या आधी व नंतर एक तास आकाश बंद असते. म्हणजे वैमानिकाला हवामानाबरोबर फुटबॉलचे वेळापत्रकही पाहावे लागते. राष्ट्राध्यक्षांच्या वर्तुळामागील भीती मी समजू शकतो. मनोरंजन उद्यानाभोवतीचे कायमचे ‘तात्पुरते’ कुंपण मला समजत नाही.

शिकागोतील मेग्ज फील्डची कथा याहून उद्वेगजनक. मिशिगन सरोवराच्या काठचा हा छोटा विमानतळ आपल्यापैकी अनेकांनी संगणकावर पाहिला असेल. मायक्रोसॉफ्टच्या ‘फ्लाइट सिम्युलेटर’ खेळात कित्येक वर्षे उड्डाणाचा आरंभ तिथूनच होई. ३० मार्च २००३ च्या रात्री महापौर डेली यांच्या हुकमावरून बुलडोझरनी धावपट्टीवर भल्यामोठ्या फुल्या खणल्या. कारण सांगितले ते सुरक्षिततेचे. तिथे उद्यान व्हावे ही महापौरांची इच्छा मात्र सप्टेंबर २००१ च्या कितीतरी आधीची होती. सूचना न दिल्याबद्दल शहराला ३३,००० डॉलर दंड झाला. शहराने तो भरला आणि उद्यान केले.

वॉशिंग्टनकडे परत येऊ. इराक युद्धाच्या तोंडावर, फेब्रुवारी २००३ मध्ये, राजधानीभोवती एक मोठा हवाई संरक्षण टापू आखण्यात आला. आत शिरायचे तर आधी आराखडा, स्वतंत्र संकेतांक आणि अखंड रेडिओसंपर्क हवा. तोही तात्पुरताच होता. स्मोकटाउनचे ते दोघे शिरले ते याच टापूत, आणि तसे शिरणारे ते पहिले नव्हते. जून २००४ मध्ये, रेगन यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी, केंटकीच्या गव्हर्नरांच्या विमानाचा संकेतयंत्रातला बिघाड कॅपिटॉल रिकामे करायला पुरेसा ठरला होता. ते विमान तर परवानगी घेऊन आले होते. २००५ च्या प्रसंगानंतर परवानाधारक वैमानिकाचा परवाना तातडीने काढून घेण्यात आला. कट वगैरे काही निघाले नाही. दोन माणसे वाट चुकली होती, एवढेच.

१७ फेब्रुवारी २००९ रोजी तो तात्पुरता टापू नियमपुस्तकात कायम झाला. राजधानीच्या साठ नॉटिकल मैलांच्या आत नजरेने उडणाऱ्या प्रत्येक वैमानिकाला तेव्हापासून खास प्रशिक्षण सक्तीचे आहे. टापूच्या गाभ्यात तीन छोटे विमानतळ सापडले. त्यांतील हाइड फील्ड २०२२ मध्ये बंद झाला. दुसरा पोटोमॅक. तिसरा कॉलेज पार्क, जगातील सर्वांत जुना, अखंड चालू असलेला विमानतळ. १९०९ साली विल्बर राइटने लष्करी अधिकाऱ्यांना तिथे उडायला शिकवले. आज तिथे विमान उतरवायचे असेल तर आधी बोटांचे ठसे द्यावे लागतात, पूर्वचरित्राची तपासणी होते, आणि मग एक गुप्त क्रमांक मिळतो.