टिक न करण्याची ओळ: श्वास, आजारपण आणि नवरा-बायकोतली जवळीक

आजच्या भागाचं हे लेखी रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले "अं... म्हणजे" तेवढे काढलेत.

आजचा विषय फुफ्फुसाच्या जुनाट आजाराचा. डॉक्टर ज्याला सीओपीडी म्हणतात आणि आपल्या घरांत सरसकट "दमा" म्हटलं जातं, तो. खरं तर दमा वेगळा आणि हा वेगळा. यात श्वासनळ्या कायमच्या अरुंद होतात, फुफ्फुसाची लवचीकता जाते, आणि गेलेलं परत येत नाही. या आजाराच्या उपचारांचा इतिहास भरपूर लिहिला गेलाय. मला त्यातली एक बारीकशी गोष्ट सांगायची आहे, आणि ती एका फॉर्ममध्ये आहे.

फॉर्ममधली ओळ

लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटल मेडिकल स्कूलमध्ये पॉल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रश्नावली तयार केली. १९९२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ५० प्रश्न. खोकला किती, धाप कधी लागते, आंघोळीला किती वेळ लागतो, लोकांत खोकल्याची लाज वाटते का, असे. उत्तरांवरून ० ते १०० गुण निघतात. गुण जितके जास्त तितकं जगणं अवघड. आज जगभर नवीन औषध तपासताना ही प्रश्नावली वापरतात.

तिच्या शेवटाकडे एक यादी येते. आजारामुळे तुम्हाला जमेनाशा झालेल्या गोष्टी कोणत्या असू शकतात त्याची. फिरायला जाणं, घरातली-बागेतली कामं, नातेवाइकांकडे जाणं, आणि त्यातच शरीरसंबंध. पण यादीच्या वरच लिहिलंय की यावर टिक करायची गरज नाही, ही फक्त आठवण करून देण्यासाठी. खाली सगळ्याचा मिळून एकच प्रश्न: यातलं काहीच अडत नाही, एक-दोन गोष्टी अडतात, बऱ्याचशा, की सगळंच?

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, त्यामुळे मला हे लगेच दिसलं. स्क्रीनवर लेबल आहे, पण डेटाबेसमध्ये त्याचा कॉलम नाही! पेशंटने ते वाचलं, क्षणभर थांबला, उसासा टाकला, तरी कुठे नोंद नाही. प्रश्नावली करणाऱ्यांना दोष देत नाहीये मी. त्यांनी निदान तो शब्द छापला. पण ती ओळ तिथपर्यंत कशी आली आणि तिथेच का थांबली, हा खरा इतिहास आहे.

आधी श्वास मोजला

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात धाप लागणाऱ्या माणसाला एकच सल्ला मिळायचा: आराम करा. हलू नका, जिना चढू नका. त्यामुळे स्नायू आणखी दुबळे व्हायचे, आणि धाप आणखी लवकर लागायची.

न्यूयॉर्कचे डॉ. अल्व्हन बाराक हे ऑक्सिजनच्या उपचारावर १९२०च्या दशकापासून काम करत होते. पुढे त्यांनी एम्फिसीमाच्या पेशंटना ऑक्सिजन लावून चालायला लावलं. १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये कोट्स आणि गिल्सन यांनी सोबत नेता येणाऱ्या ऑक्सिजनवर माणूस जास्त चालू शकतो हे दाखवलं. ब्रिटनला घाई होतीच. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस विषारी धुकं बसलं होतं आणि त्या वेळच्या हिशेबानेच सुमारे ४,००० माणसं गेली होती.

मग येतं अमेरिकेतलं डेन्व्हर. समुद्रसपाटीपासून साधारण १,६०० मीटर उंच, हवा विरळ. फुफ्फुस आधीच कमकुवत असेल तर तिथे रक्तातला ऑक्सिजन अजून खाली जातो. १९६०च्या दशकात डॉ. थॉमस पेटी आणि त्यांच्या चमूने तिथे द्रवरूप ऑक्सिजन वापरला. एक लिटर द्रवातून सुमारे ८६० लिटर वायू मिळतो, म्हणजे खांद्याला अडकवायच्या पिशवीत काही तासांचा श्वास मावतो. पेशंटची चालायची ताकद वाढली, फुफ्फुसातला रक्तदाब उतरला.

या चमूत लुईस नेट होत्या. त्या नर्स. १९६९ साली या लोकांनी जी "सर्वंकष देखभाल" मांडली त्या शोधनिबंधावर पेटींसोबत त्यांचंही नाव आहे. श्वास कसा सोडायचा, कफ कसा काढायचा, घरच्यांना काय शिकवायचं, हे सगळं त्या देखभालीत आलं. आज ज्याला पल्मनरी रिहॅबिलिटेशन म्हणतात त्याचा मोठा पाया तिथला.

मग वर्षं मोजली

१९८० मध्ये अमेरिका-कॅनडातल्या सहा केंद्रांचा २०३ पेशंटवरचा अभ्यास आला. फक्त रात्री ऑक्सिजन घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जवळजवळ दिवसभर घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट निघालं. १९८१ मध्ये ब्रिटिश अभ्यास आला, ८७ पेशंटचा. रोज किमान १५ तास ऑक्सिजन घेणाऱ्या ४२ पैकी १९ जण पाच वर्षांत गेले, न घेणाऱ्या ४५ पैकी ३० जण.

तेव्हापासून "१५ तास" हा आकडा पक्का झाला. आता जरा हिशेब करा. दिवसाचे २४ तास, त्यातले १५ नळी नाकात. म्हणजे रात्र त्यात आलीच. उपचार पलंगापर्यंत आला. उशाशी कॉन्सन्ट्रेटरची घरघर, गालावरून गेलेली नळी, कूस बदलली की ओढ बसते. या मशीनने आयुष्य वाढवलं हे शंभर टक्के खरं. आणि त्याच मशीनमुळे कित्येक जोडप्यांची अंथरुणं वेगळी झाली असतील, हे त्या आकड्यांत कुठेच नाही.

१९८७ मध्ये कॅनडात गॉर्डन गायट यांच्या गटाने आणि १९९२ मध्ये जोन्स यांनी "माणूस जगतो कसा" हे मोजायला सुरुवात केली. मोठं पाऊल होतं. पण जवळिकीची ओळ टिकविना राहिली.

सिस्टरांनी विचारलं

लैंगिक जीवनावर थोडा अभ्यास डॉक्टरांनीही केला. १९७२ मध्ये अर्व्हिंग कॅस आणि सहकाऱ्यांचा लेख आला, १९८२ मध्ये फ्लेचर आणि मार्टिन यांचा. दुसऱ्यात भर पुरुषांच्या ताठरतेच्या अडचणीवर होता. बायका त्यात नव्हत्या, आणि नुसतं जवळ झोपणंही नव्हतं.

वेगळी वाट निघाली ती जॅक अ‍ॅनन या मानसशास्त्रज्ञाच्या १९७६च्या मांडणीतून. चार पायऱ्या: आधी बोलायची परवानगी द्या, मग थोडी माहिती, मग नेमक्या सूचना, आणि अगदीच गरज पडली तर तज्ज्ञाकडे. नर्सिंगने ही मांडणी उचलून धरली. कारण उघड आहे. डॉक्टर पाच मिनिटं भेटतात. अंग पुसणारी, नळी बदलणारी, रात्री दोनला हाक मारल्यावर येणारी सिस्टर असते.

नर्सिंगच्या पुस्तकांत मिळणारा सल्ला अगदी साधा आहे. डॉक्टरांनी दिलेला पंप आधी घ्या. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरा. भरल्या पोटी नको. दिवसातली ज्या वेळी छाती मोकळी असते ती वेळ निवडा, ती रात्रच असली पाहिजे असं नाही. छातीवर भार येणार नाही असं कुशीवर झोपा. ऑक्सिजन चालू असेल तर चालूच राहू द्या. प्रवाह वाढवायचा का ते डॉक्टरांना विचारा. आणि खोलीत अगरबत्ती, दिवा, सिगारेट काही नको, ऑक्सिजनजवळ आग फार झपाट्याने भडकते.

शरीरसंबंधात श्वास वाढतोच, निरोगी माणसाचाही. मास्टर्स आणि जॉन्सन यांनी १९६६ मध्येच मिनिटाला ४० पर्यंत श्वास नोंदवले होते. सीओपीडीच्या माणसाला मात्र वाढलेला श्वास म्हणजे "आता गुदमरणार" अशी भीती वाटते. जोडीदारालाही तीच भीती. दोघं एकमेकांना जपत दूर होतात आणि दोघांनाही वाटतं, समोरच्याचंच मन उडालं. एवढी एक गोष्ट कोणी समजावून सांगितली तरी केवढा फरक पडेल!

आपल्याकडे

भारतात २०१६ साली सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते असा लॅन्सेट ग्लोबल हेल्थमधला अंदाज आहे. आणि हा फक्त विडी-सिगारेटवाल्यांचा आजार नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये लॅन्सेटमध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लिहिलं. त्यातलं मोठं कारण चुलीचा धूर. म्हणजे आपल्याकडे पेशंटच्या रांगेत अशा बायका आहेत ज्यांनी आयुष्यात विडी पाहिली ती फक्त दुसऱ्याच्या हातात.

या बाईला कोण विचारणार? बाहेरचे अभ्यास बराच काळ पुरुषांवर. घरात दोन खोल्या, सून-मुलगा शेजारी. दवाखान्यात सोबत मुलगा किंवा भाचा, त्याच्यासमोर काय बोलणार? आणि तिच्या नवऱ्याला आजार असेल तर तीच त्याची चोवीस तासांची सिस्टर. औषधं, वाफ, पाठ चोळणं सगळं ती करते. दिवसभर एखाद्याची शुश्रूषा केल्यावर रात्री त्याच माणसाची बायको व्हायचं, हे सोपं नाही. त्यावर तिच्याशी कोणी बोलतच नाही.

मराठीत या विषयावर शब्द नाहीत असंही नाही. र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ पर्यंत "समाजस्वास्थ्य" काढत होते! शब्द आहेत, पण ते आजाऱ्याच्या खाटेपर्यंत पोचलेले नाहीत.

अ‍ॅननच्या पहिल्या पायरीला मशीन लागत नाही, निधी लागत नाही. सोबतच्याला दोन मिनिटं बाहेर बसवायचं आणि म्हणायचं, "या आजारात बऱ्याच जोडप्यांना जवळ येताना अडचण होते. तुम्हाला काही विचारायचंय का?" उत्तर "नाही" आलं तरी चालेल. दार उघडं आहे एवढं कळलं की पुढच्या खेपेला माणूस आपणहून विचारू शकतो.

ऐकणाऱ्यांत कोणी नर्सिंग करत असेल, फिजिओथेरपिस्ट असेल, तर हा प्रश्न वापरून बघा. आणि तुमच्या घरी असा पेशंट असेल तर पुढच्या भेटीत आई-बाबांना डॉक्टरांशी थोडा वेळ एकटं बोलू द्या. तुम्ही बाहेर चहा घ्या.

आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!