रविवारची उपासना (ख्रिस्ती धर्म)

रविवारची उपासना म्हणजे ख्रिस्ती लोकांनी आठवड्यातून एकदा, बहुधा रविवारी, एकत्र जमून केलेली सामुदायिक प्रार्थना होय. शास्त्रवाचन, प्रवचन, गीतगायन, प्रार्थना, अर्पण आणि प्रभुभोजन ही तिची प्रमुख अंगे आहेत. कॅथलिक परंपरेत या विधीस मिस्सा म्हणतात. बहुतेक ख्रिस्ती पंथांनी या उपासनेस नियमित हजर राहणे हे श्रद्धावंताचे कर्तव्य मानले आहे. मात्र हे कर्तव्य नियमाने लादावे की ते आतून उमलावे, याविषयी ख्रिस्ती इतिहासात दीर्घकाळ मतभेद राहिले आहेत.

संज्ञा

नव्या करारात ‘चर्च’ या अर्थी येणारा मूळ ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’ हा आहे. त्याचा अर्थ इमारत असा नसून बोलावून एकत्र आणलेला जनसमुदाय असा आहे. मराठी बायबलमध्ये त्यासाठी योजलेला ‘मंडळी’ हा शब्द मूळ अर्थाच्या अगदी जवळ जातो. चर्चला जाणे म्हणजे एखाद्या पवित्र वास्तूचे दर्शन घेणे नव्हे, तर मंडळीत सामील होणे, हा विचार या शब्दातच आहे. एकांतातील प्रार्थनेला ख्रिस्ती धर्मात मोठे स्थान असूनही तिने सामुदायिक उपासनेची जागा भरून निघत नाही, असे बहुतेक पंथ मानतात. त्याचे मूळ याच कल्पनेत आहे.

बायबलमधील आधार

येशू ख्रिस्त शब्बाथ दिवशी आपल्या रिवाजाप्रमाणे सभास्थानात जात असे, असा उल्लेख लूककृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात आहे. येशूचे पुनरुत्थान आठवड्याच्या पहिल्या दिवशी झाले, या श्रद्धेमुळे आरंभीच्या ख्रिस्ती लोकांत रविवारला ‘प्रभूचा दिवस’ म्हणून महत्त्व आले. त्या दिवशी भाकर मोडण्यासाठी शिष्य जमल्याची नोंद प्रेषितांच्या कृत्यांत आहे. गरजू बांधवांसाठी त्याच दिवशी काही रक्कम बाजूला काढून ठेवावी, असे पौलाने करिंथ येथील मंडळीस कळविले होते. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात, काही जणांना एकत्र जमणे टाळण्याची सवय लागली होती तसे न करता एकमेकांस धीर द्यावा, असा उपदेश आहे. नियमित उपस्थितीच्या समर्थनार्थ हाच उतारा सर्वाधिक वेळा पुढे केला जातो. त्यात उपस्थितीचे कारण म्हणून शिक्षेची भीती सांगितलेली नाही, परस्परांचा आधार सांगितला आहे.

इतिहास

आरंभीचा काळ : रोमन अधिकारी प्लिनी याने इ. स. ११२ च्या सुमारास सम्राट ट्राजन यास लिहिलेल्या पत्रात, ख्रिस्ती लोक ठरावीक दिवशी पहाटेपूर्वी जमून स्तवन गातात, असे कळविले आहे. इ. स. १५५ च्या सुमारास जस्टिन मार्टर याने रविवारच्या सभेचे तपशीलवार वर्णन केले. शास्त्रवाचन, उपदेश, प्रार्थना, भाकर व द्राक्षारस यांचे वाटप असा तिचा क्रम होता. जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा घरी पोचविला जाई. ऐपतीप्रमाणे जमलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परके यांची काळजी घेतली जाई. गैरहजर व्यक्तीची आठवण ठेवणे हाही उपासनेचाच भाग होता, हे यावरून दिसते.

सम्राट डायोक्लेशनने इ. स. ३०३ मध्ये ख्रिस्ती सभांवर बंदी घातली. पुढच्या वर्षी उत्तर आफ्रिकेतील अबिटिना येथे रविवारी एका घरात जमलेल्या ख्रिस्ती स्त्री-पुरुषांना पकडून कार्थेज येथे नेण्यात आले. प्रभूच्या दिवसाच्या उपासनेवाचून आपण राहू शकत नाही, असे त्यांनी चौकशीत सांगितले. या ४९ जणांना हुतात्मे मानले जाते.

नियम व सक्ती : चौथ्या शतकाच्या आरंभी स्पेनमधील एल्व्हिरा येथील धर्मसभेने, शहरात राहून लागोपाठ तीन रविवार चर्चला न येणाऱ्यास काही काळ मंडळीबाहेर ठेवावे, असा नियम केला. सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. ३२१ मध्ये रविवार हा विश्रांतीचा दिवस ठरविला. शेतीच्या कामास त्याने त्यातून सूट दिली होती. एकेकाळी जिवावर उदार होऊन करावी लागणारी गोष्ट पुढे राज्याच्या आश्रयाने होऊ लागली आणि कालांतराने काही देशांत ती राज्याच्या धाकाने होऊ लागली.

इंग्लंडमध्ये १५५९ च्या कायद्यानुसार रविवारी चर्चला न जाणाऱ्यास प्रत्येक गैरहजेरीबद्दल १२ पेन्स दंड होई. १५८१ मध्ये हा दंड दरमहा २० पौंड इतका वाढविण्यात आला. त्याचा मोठा फटका कॅथलिकांना बसला. १६८९ च्या सहिष्णुता कायद्याने प्रॉटेस्टंट भिन्नमतवाद्यांना काही अटींवर स्वतःच्या प्रार्थनागृहांत उपासना करण्याची मुभा मिळाली. कॅथलिकांना मात्र ती सवलत नव्हती.

विविध पंथांची भूमिका

कॅथलिक : रविवारी व ठरावीक सणांच्या दिवशी मिस्सेत सहभागी होणे बंधनकारक आहे. १९८३ च्या धर्मसंहितेत हा नियम असून, आदल्या संध्याकाळच्या मिस्सेनेही त्याचे पालन होते. योग्य कारण नसताना जाणूनबुजून मिस्सा चुकविणे हे गंभीर पाप मानले जाते. आजारपण किंवा तान्ह्या मुलाची देखभाल अशी कारणे असल्यास हे बंधन राहत नाही.

ऑर्थोडॉक्स : पूर्वेकडील मंडळ्यांत रविवारची पवित्र उपासना हे धार्मिक जीवनाचे केंद्र आहे. इ. स. ६९२ च्या ट्रुलो येथील धर्मसभेनेही लागोपाठ तीन रविवारांच्या गैरहजेरीविरुद्ध नियम केला होता.

प्रॉटेस्टंट : मार्टिन ल्यूथर याने १५२९ च्या आपल्या ‘मोठ्या प्रश्नोत्तरी’त, एखादा दिवस मुळात इतरांहून श्रेष्ठ नसून त्या दिवशी देवाचे वचन ऐकले जाणे महत्त्वाचे आहे, असे प्रतिपादन केले. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथ शनिवारी उपासना करतो. क्वेकर पंथाच्या पारंपरिक सभेत ठरलेले विधी नसतात. सर्व जण शांत बसतात आणि प्रेरणा झाल्यास कोणीही बोलू शकतो. विधी टाळणाऱ्या या पंथानेही एकत्र जमणे सोडलेले नाही.

मराठी ख्रिस्ती समाज

वसई परिसरात पोर्तुगीज सत्तेच्या काळात (१५३४ ते १७३९) कॅथलिक चर्च उभी राहिली. त्यांतील मिस्सा लॅटिन भाषेत होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने १९६३ मध्ये लोकभाषांना वाव दिल्यानंतर मराठीतून मिस्सा होऊ लागली.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मराठीतील उपासना त्याआधीच रूढ झाली होती. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगर येथे सुरू झाले. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी मराठी छंदांत व चालींवर रचलेली भजने रविवारच्या उपासनेत आजही गायली जातात. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या अनेक रचना आहेत. परक्या वाटणाऱ्या विधीस आपली भाषा व चाल मिळाल्याने उपासना मराठी माणसाच्या अंगवळणी पडण्यास मोठी मदत झाली. याच टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते. मंडळी कोणाची, हा प्रश्न त्यातून महाराष्ट्रातही पुढे आला.

आधुनिक काळ

युरोप व उत्तर अमेरिकेत नियमित उपस्थिती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लक्षणीयरीत्या घटली आहे. गॅलप संस्थेच्या २०२४ मधील अहवालानुसार, अमेरिकेत दर आठवड्याला किंवा जवळजवळ दर आठवड्याला धार्मिक उपासनेस जाणाऱ्या प्रौढांचे प्रमाण सुमारे ३० टक्के होते. दोन दशकांपूर्वी ते ४२ टक्के होते.

हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अमेरिकेतील सुमारे ७५ हजार परिचारिकांच्या माहितीवर आधारित अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. आठवड्यातून एकापेक्षा अधिक वेळा उपासनेस जाणाऱ्या स्त्रियांमधील मृत्यूचे प्रमाण, कधीही न जाणाऱ्यांच्या तुलनेत, अभ्यासाच्या काळात ३३ टक्क्यांनी कमी आढळले. मात्र हा निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने त्यावरून कार्यकारणभाव निर्विवादपणे सिद्ध होत नाही. मुळात प्रकृती बरी असणारेच उपासनेस जाऊ शकतात, हा आक्षेपही अशा अभ्यासांबाबत विचारात घ्यावा लागतो.

कोव्हिड साथीमुळे २०२० मध्ये जगभरातील अनेक चर्च बंद राहिली. त्या वर्षीचा १२ एप्रिलचा ईस्टर असंख्य कुटुंबांनी घरीच, पडद्यावरील उपासनेत साजरा केला. पडद्यावरून वचन ऐकता आले, तरी प्रभुभोजनाचे काय, हा प्रश्न उरला. काही प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी घरच्या भाकरीने ते घेण्यास मान्यता दिली. कॅथलिक चर्चने पडद्यावरील मिस्सा ही प्रत्यक्ष सहभागाचा पर्याय नसल्याची भूमिका घेतली. मात्र घराबाहेर पडू न शकणाऱ्या आजारी व वृद्ध व्यक्तींना अशा प्रक्षेपणाचा आधार मिळतो, हे अनेक पंथांनी मान्य केले. जस्टिनच्या काळी त्यांचा वाटा कोणीतरी चालत जाऊन घरी पोचवीत असे. आजही अनेक मंडळ्यांत धर्मगुरू किंवा मंडळीतील सेवक अशा घरी जाऊन प्रभुभोजन देतात.