हात लावू नये

परवा नातीची संगणकाची वही सहज चाळत होतो. पहिल्याच पानावर वाक्य होतं, ‘ज्याला स्पर्श करता येतो ते हार्डवेअर. ज्याला स्पर्श करता येत नाही ते सॉफ्टवेअर.’ वाचून हसू आलं आणि थोडं ओशाळल्यासारखंही झालं. कारण हेच वाक्य, याच शब्दांत, मी पंचवीसेक वर्षांपूर्वी फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करून घेत असे.

आता तुम्ही म्हणाल, मराठी आणि इतिहास शिकवणारा माणूस संगणकाच्या तासाला काय करत होता? झालं असं, की १९९८ च्या सुमारास आमच्या शाळेला देणगीतून एक संगणक मिळाला. शाळा सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे विणकरांच्या वस्तीत. संगणकासाठी वेगळी खोली, खिडक्यांना पडदे, चपला बाहेर, यंत्रावर प्लॅस्टिकचं आवरण आणि दारावर ठसठशीत पाटी : ‘हात लावू नये’. विज्ञानाच्या सरांची बदली झाली आणि मुख्याध्यापक म्हणाले, “तुमचं अक्षर चांगलं आहे, नोट्स तुम्हीच द्या.” एवढ्या पात्रतेवर मी संगणकशिक्षक झालो! स्पर्श करता येतो ते हार्डवेअर असं वर्गात शिकवायचं आणि दारावर हात लावू नये अशी पाटी. यातला विनोद त्या वेळी माझ्या ध्यानातही आला नाही.

एके दिवशी मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, “सर, सॉफ्टवेअर फ्लॉपीत असतं म्हणता. फ्लॉपीला तर हात लागतो की. मग त्यात सॉफ्टवेअर नेमकं कुठं असतं?”

मला उत्तर येत नव्हतं. मी म्हणालो, “हा प्रश्न परीक्षेला नाही. बस खाली.”

वर्ग हसला. तो बसला. त्या वर्षात त्याने पुन्हा प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही.

पुढे नोकरीतल्या इतर अनेकांसारखी मीही एमएस-सीआयटी केली, प्रमाणपत्र मिळालं, पण त्या प्रश्नाचं उत्तर काही मिळालं नाही. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा माझ्या सवयीच्या वाटेने, म्हणजे इतिहासाच्या वाटेने, ते शोधायला लागलो. आणि शोधता शोधता जिथे पोचलो ते पाहून कपाळावर हात मारून घेतला.

गोष्ट सुरू होते फ्रान्समधल्या लिऑन या रेशमाच्या गावी. १८०४-०५ च्या सुमारास जोसेफ मारी जाकार नावाच्या माणसाने मागाला एक जोड बसवली. त्याआधीही काही जणांनी तसे प्रयत्न केले होते, पण याची जोड चालली आणि पसरली. नक्षीप्रमाणे भोकं पाडलेले पुठ्ठे दोरीने एकमेकांना बांधून त्यांची माळ करायची. प्रत्येक आडव्या धाग्यासाठी एक पुठ्ठा पुढे येतो. भोक असेल तिथला ताणा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. फुलांची नक्षी नको, मोर हवा? माग तोच ठेवायचा, पुठ्ठ्यांची माळ बदलायची.

मंडळी, हाच तो जकार्ड माग! सोलापुरी चादर याच पद्धतीने विणली जाते. म्हणजे मी वर्गात ज्या मुलाला खाली बसवलं, त्याच्या प्रश्नाचं उत्तर शाळेभोवतीच्या गल्ल्यांमध्ये दिवसरात्र खटखटत होतं. आणि वर्गाची खिडकी मी आवाज येतो म्हणून बंद करून घेत होतो.

पुढची कडी इंग्लंडमधली. चार्ल्स बॅबेज यांनी १८३०च्या दशकात एका सर्वसमावेशक गणकयंत्राचा आराखडा केला. त्याला हुकूम द्यायला त्यांनी जाकारचे पुठ्ठेच घ्यायचं ठरवलं. १८४३ साली एडा लव्हलेस यांनी या यंत्राबद्दल सविस्तर टिपणं प्रसिद्ध केली. माग जशी फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणित विणेल, अशा अर्थाची उपमा त्यांनी दिली आणि एक अवघड गणित यंत्राकडून पायरीपायरीने कसं करून घ्यायचं तेही मांडून दाखवलं. गंमत अशी, की ते यंत्र बॅबेज यांच्या हयातीत पूर्ण झालंच नाही. हार्डवेअरचा पत्ता नाही, सॉफ्टवेअर मात्र कागदावर तयार!

शंभर वर्षांनी अमेरिकेत फिलाडेल्फियाला नेमकी उलटी तऱ्हा झाली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ‘एनिअॅक’ हे यंत्र तयार झालं आणि १९४६ च्या फेब्रुवारीत ते जगाला दाखवण्यात आलं. वजन सुमारे तीस टन, आत जवळजवळ अठरा हजार निर्वात नळ्या. पण त्याला नवं गणित घालायचं म्हणजे वायरी उपसून दुसरीकडे खोचायच्या आणि खटके फिरवायचे. त्यात कित्येक दिवस जात. हे काम सहा तरुण स्त्रियांकडे होतं. सुरुवातीला गोपनीयतेमुळे त्यांना यंत्राच्या खोलीत जायचीच परवानगी नव्हती. नुसते आराखडे वाचून त्या यंत्र शिकल्या. (हात लावू नये ही पाटी काही आमच्याच शाळेची मिरास नव्हती तर!) आता सांगा, इथे सॉफ्टवेअर कुठलं? त्या खोचलेल्या वायरी. त्यांना तर चांगला हात लागत होता. आमच्या पाठ केलेल्या व्याख्येचे इथे तीनतेरा वाजतात.

मग २१ जून १९४८ चा दिवस आला. इंग्लंडमध्ये मँचेस्टर विद्यापीठातल्या एका छोट्या प्रायोगिक यंत्राने, ज्याला लाडाने ‘बेबी’ म्हणत, आपल्याच स्मृतीत साठवलेला कार्यक्रम चालवून दाखवला. टॉम किलबर्न यांनी लिहिलेल्या त्या कार्यक्रमात फक्त सतरा सूचना होत्या. गणित होतं २,६२,१४४ या संख्येचा तिच्याहून लहान असा सर्वांत मोठा विभाजक शोधणे. आपण तोंडी सांगू, १,३१,०७२. यंत्राला बावन्न मिनिटं लागली! पण महत्त्व त्या उत्तराला नव्हतंच. महत्त्व याला, की सूचना आता वायरीत किंवा पुठ्ठ्यात नव्हत्या. आकडे जिथे ठेवले होते तिथेच, काचेच्या नळीच्या पडद्यावर, विद्युतभाराच्या ठिपक्यांच्या रूपात त्याही साठवलेल्या होत्या. काम बदलायचं तर ठिपके बदलायचे, यंत्राच्या जोडणीला धक्का लावायचा नाही.

वेगळेपण आलं, तरी नाव मिळायला आणखी दहा वर्षं लागली. ‘सॉफ्टवेअर’ हा शब्द या अर्थाने छापून आला तो १९५८ साली, जॉन टुकी या गणितज्ञाच्या लेखात. आणि त्याची वेगळी किंमत लावायला त्याहूनही उशीर झाला. आयबीएम कंपनी यंत्राबरोबर ते तसंच देत असे. दोन्हींचं वेगवेगळं बिल करण्याचं तिने जाहीर केलं १९६९ मध्ये.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बांधलेला संगणक १९६० साली सुरू झाला. त्याला १९६२ मध्ये ‘टिफ्रॅक’ असं नाव दिलं पंडित नेहरूंनी. शाळांपर्यंत संगणक यायला मात्र १९८४ उजाडलं. केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पात निवडक शाळांना ‘बीबीसी मायक्रो’ हे ब्रिटिश बनावटीचे संगणक मिळाले. त्यात बेसिक ही भाषा एका चिपमध्ये कायमची भरून ठेवलेली असे. बटण दाबलं की लगेच लिहायला सुरुवात. म्हणजे चिपला हात लागतो, भाषेला लागत नाही. पुन्हा तोच प्रश्न, त्या मुलाचा!

तर आता त्याचं उत्तर, सव्वीस-सत्तावीस वर्षं उशिरा.

बाळा, पुठ्ठा हे हार्डवेअर. भोकं *कुठे* पाडायची ती मांडणी हे सॉफ्टवेअर. फ्लॉपीत एक चुंबकीय लेप असलेली पातळ चकती असते. तिच्यावरचे सूक्ष्म ठिपके या दिशेचे की त्या दिशेचे, त्यांचा क्रम म्हणजे सॉफ्टवेअर. कोरी फ्लॉपी आणि भरलेली फ्लॉपी तराजूत टाकलीस तर काटा हलणार नाही, कारण आत काही ‘ठेवलेलं’ नसतं, फक्त आहे तेच निराळं मांडलेलं असतं. आणि ती मांडणी नेहमी कशावर तरी असावीच लागते. पुठ्ठ्यावर, वायरीत, चुंबकावर, नाहीतर माणसाच्या डोक्यात.

मी मराठीचा मास्तर, त्यामुळे हे मला शेवटी कळलं ते तुकोबांमुळे. गाथा इंद्रायणीत बुडवली गेली त्या आख्यायिकेत वह्या तरल्या असं सांगतात. पण वह्या तरल्या नसत्या तरी काय बिघडलं असतं? अभंग लोकांच्या तोंडी होतेच. कागद बुडतो, मांडणी दुसऱ्या कशावर तरी उतरलेली असली की उरते. हे उदाहरण तेव्हा सुचलं असतं तर मी तो तास काय रंगवला असता!

असो. नातीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आजोबा, मग परीक्षेत काय लिहू?” मी म्हटलं, “पुस्तकातलंच लिही, मार्क जातील. पण खाली एक ओळ जास्त लिही, पुठ्ठ्यांची.”

तो मुलगा आज कुठे आहे, काय करतो, मला ठाऊक नाही. चाळिशीचा झाला असेल. त्याने तो प्रश्न नंतर कुणाला विचारला का, याचा अधूनमधून विचार येतो. तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांना एवढंच सांगेन, उत्तर येत नसेल तर “मलाही माहीत नाही, बघून सांगतो” असं म्हणा. मला त्या दिवशी एवढं म्हणता आलं नाही. पाटी यंत्रावर होती, पण मी ती प्रश्नावरही लावून टाकली.