मिठावर फिरणारे चाक

चाक माणसानेच शोधले, असे आपण मानतो. जिवाणूंच्या अंगी मात्र ते माणसाच्याही आधीपासून आहे. १६७६ मध्ये हॉलंडच्या लेव्हेनहूकने भिंगातून जिवाणू पोहताना पाहिल्याचे कळवले. त्यांची शेपटी चाबकासारखी वळवळते, हा समज पुढे दीर्घकाळ टिकला. १९७३ मध्ये बर्ग आणि अँडरसन यांनी मांडले, की ती गरगर फिरते. १९७४ मध्ये सिल्व्हरमन आणि सायमन यांनी शेपटीच काचेला चिकटवली. तर जिवाणूचे अंगच फिरू लागले!

ही फिरकी चालते कशावर? पेशीबाहेर विद्युतभारित कण, म्हणजे आयन, दाटलेले असतात. धरणाचे पाणी जनित्र फिरवते, तसे ते आत शिरताना शेपटीचे चक्र फिरवतात. पुष्कळ जिवाणूंत हे आयन हायड्रोजनचे असतात. पटकीच्या जिवाणूत सोडियमचे, म्हणजे मिठातले.

मी कवी माणूस, या मिठापाशी थबकतो. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना मीठ-साखरेचे पाणी पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. तिथेही सोडियमच साखरेला आणि पाठोपाठ पाण्याला आतड्यातून शरीरात नेते. ज्या मिठावर रोग पोहतो, त्याच मिठाने माणूस तरतो.