हास्यविकार व पक्षाघात : शार्ल फेरे याच्या निबंधाच्या अनुषंगाने

हास्य हे आनंदाचे बाह्य चिन्ह होय, ही समजूत इतकी दृढमूल आहे की, आनंदाचे काहीही कारण नसता हसत सुटलेल्या माणसाच्या मनाविषयीच प्रथम संशय घेतला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये तर हिस्टेरियाच्या विवेचनाला ऊत आला होता. त्याच परंपरेत, शार्कोच्या हाताखाली तयार झालेल्या शार्ल फेरे याने १९०३ साली 'रव्यू न्यूरोलोजिक' या नियतकालिकात 'फू रीर प्रोद्रोमिक' या नावाने एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. प्रथम अनावर हास्य आणि पाठोपाठ पक्षाघात, असा क्रम त्याने त्यात नोंदविला.

मेंदूच्या विकारात हसू किंवा रडू अनावर होते, ही गोष्ट त्यापूर्वी अज्ञात होती असे नव्हे. १८७२ साली भावाविष्कारावरील ग्रंथात डार्विनने अर्धांगवायूच्या रोग्यांची रडण्याकडे असलेली विशेष प्रवृत्ती नमूद केली होती. पुढे ब्रिसो याने १८९५ च्या व्याख्यानसंग्रहात आकडीसारख्या येणाऱ्या हास्य-रुदनाचा ऊहापोह केला. परंतु या सर्वांच्या दृष्टीने ती झालेल्या इजेची मागाहून दिसणारी खूण होती. फेरेने हा काळक्रम उलटा केला, आणि त्याच्या निबंधाचे महत्त्व नेमके येथे आहे.

त्याने योजलेल्या नावाविषयी थोडे सांगितले पाहिजे. 'फू' म्हणजे वेडा. परंतु 'फू रीर' या रूढ फ्रेंच शब्दप्रयोगात वेडाचा आरोप नाही. 'हसू आवरेना' एवढाच त्याचा अर्थ. त्याचे 'उन्मत्त हास्य' असे भाषांतर केल्यास, फेरेने जो समज बाजूस सारला तोच मागल्या दाराने परत येतो. 'प्रोद्रोमिक' या विशेषणास मात्र आयुर्वेदातील 'पूर्वरूप' ही संज्ञा तंतोतंत लागू पडते.

फेरे १९०७ साली वारला. या लक्षणाची समाधानकारक मीमांसा पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. किनिअर विल्सन याने १९२४ साली ती करण्याचा प्रयत्न केला. इच्छेनुसार तोंडाचा कोपरा हलवू न शकणाऱ्या रोग्याचा तोच चेहरा हसताना पूर्ण फुलतो, या विसंगतीवर त्याने बोट ठेवले. चेहऱ्याचे व श्वसनाचे स्नायू यांचा मेळ घालणारी यंत्रणा मस्तिष्कस्तंभात असून तिच्यावर ऐच्छिक व अनैच्छिक अशा दोन निराळ्या मार्गांची सत्ता चालते, असे त्याचे म्हणणे होते. रसशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर, येथे स्थायीभावावाचून अनुभाव प्रकट होतो. भरताच्या विवेचनात ज्याला जागा नाही, तो प्रकार विल्सनला रुग्णशय्येवर दिसला! पुढे पोएक याने १९६९ साली भाव आणि आविष्कार यांतील ही फारकतच या विकाराच्या व्याख्येत समाविष्ट केली. २००१ साली पारवीझी, दमासिओ प्रभृतींनी लघुमस्तिष्काकडे लक्ष वेधले. प्रसंगानुरूप हास्याचे माप ठरविण्याचे काम तेथे होत असावे, असा त्यांचा तर्क आहे. विल्सनची दोन मार्गांची कल्पना त्यामुळे अपुरी ठरली, तरी टाकाऊ ठरली नाही.

फेरेने वर्णिलेले रोगी पुढील शतकातही विरळाच आढळले. त्यांच्यातील विकृती थॅलॅमस, अंतःसंपुट, मस्तिष्कसेतू अशा निरनिराळ्या ठिकाणी सापडल्या; त्यामुळे हास्याचे एकच 'केंद्र' शोधण्याचा हट्ट सोडणे भाग आहे. केवळ हसण्यावरून पक्षाघाताचे निदान करणे अर्थातच धाडसाचे होईल. मात्र अकस्मात सुरू झालेल्या अकारण हास्याबरोबर हाताची शक्ती कमी होऊ लागली, वा वाणी अडखळू लागली, तर गोष्ट वेगळी. फेरेच्या काळी हे ओळखूनही वैद्याच्या हाती फारसे काही नव्हते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीने रक्ताची गुठळी विरघळविणाऱ्या औषधाचा उपयोग सिद्ध केला. तो लक्षणारंभापासून तीन तासांच्या आत. २००८ साली ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. पूर्वरूप हास्य कधी काही मिनिटांत ओसरते, तर कधी तासन् तास चालू राहते; आणि रोग्याला गंमत वाटत आहे अशा समजुतीने घरची मंडळी ते थांबण्याची वाट पाहतात, तेव्हा हीच मुदत खर्ची पडत असते.