संगीत रंगभूमी आणि हौशी मंडळी

संगीत नाटक हे व्यवसायी मंडळ्यांचे काम, आणि संसारी माणसांनी ते केले तर ती केवळ हौस, असा समज आपल्या समाजात दृढ झालेला दिसतो. मांजरीतील आपल्या ज्ञातिबांधवांत वार्षिक संमेलनासाठी एखादे संगीत नाटक बसवावे असा विषय निघाला की ‘ते आपल्या आवाक्यातले नव्हे’ हे उद्गार हटकून कानी पडतात. इतिहासाची साक्ष निराळी आहे. ती वाचकांपुढे ठेवावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

मराठी संगीत नाटक जन्मास आले ते नोकरी सांभाळून नाटकाचा ध्यास घेतलेल्या गृहस्थाच्या हातून. बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर हे पुण्यात रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीस होते. कचेरीचे काम आटोपल्यावर त्यांनी कालिदासाचे शाकुंतल मराठीत उतरविले, पदे रचली, गाऊ शकणारी माणसे हेरली आणि त्यांच्याकडून तालमी करवून घेतल्या. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. मोरोबा वाघोलीकर आणि बाळकोबा नाटेकर ही त्या मेळाव्यातील ठळक नावे. (वाघोलीकर हे आडनाव वाचताच नदीपलीकडची वाघोली डोळ्यांपुढे येते, पण तेवढ्यावरून शेजारधर्म जोडण्याचा मोह आम्ही आवरतो.) पुढे १८८२ मध्ये भाऊराव कोल्हटकर बडोद्याहून येऊन मिळाले, ‘सौभद्र’ रंगभूमीवर आले, आणि किर्लोस्कर मंडळीचा व्यवसाय सुरू झाला. म्हणजे हौस आधी आणि धंदा मागाहून, हा येथील क्रम होय.

बालगंधर्व व केशवराव भोसले यांच्या वैभवकाळाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याची पुनरुक्ती येथे नको. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला आणि अल्पावधीत नाटक मंडळ्यांवर अवकळा पसरली. नाट्यगृहांतून चित्रपट दिसू लागले. अशा पडत्या काळात जुनी पदे ओठांवर जिवंत ठेवली ती गावोगावच्या हौशी मंडळींनी. पुण्यात १८९४ साली विद्यार्थ्यांनी स्थापिलेल्या स्टुडंट्स सोशल क्लबातून भरत नाट्य संशोधन मंदिर उभे राहिले, आणि तेथे संगीत नाटकांची परंपरा नेटाने चालविली गेली. गोव्यात तर देवळाच्या उत्सवात गावकऱ्यांनीच रंग लावून उभे राहण्याची चाल फार जुनी आहे.

समाजसंस्थेच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद उदाहरण मुंबईच्या गोवा हिंदु असोसिएशनचे. १९१९ मध्ये स्थापन झालेली ही संस्था. तिच्या कलाविभागाने १९६४ मध्ये वसंत कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ रंगभूमीवर आणले. जितेंद्र अभिषेकींचे संगीत आणि रामदास कामत, आशालता यांचे गायन, यांमुळे ते नाटक घरोघरी पोहोचले. कलाविभागाचे धुरीण रामकृष्ण नायक यांनी पुढे गोव्यात वृद्धांसाठी ‘स्नेहमंदिर’ उभारले. संस्थेचे नाटक म्हणजे वार्षिक करमणूक, एवढाच अर्थ ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हे ध्यानी घ्यावे.

आता अडचणींविषयी. नट मिळतात, वाद्यवादक मिळत नाहीत, ही हौशी मंडळींची खरी व्यथा. ‘शाकुंतला’त दोनशेच्या आसपास पदे होती. तितकी आज कोणी गात नाही. परंतु दहाबारा पदांचे नाटक उभे करावयाचे तरी ऑर्गनवाला आणि तबलजी तालमीच्या पहिल्या आठवड्यापासून हजर हवेत. स्त्रिया व पुरुष दोघेही गाणार असले की पट्टी बदलते. नायक काळी एकमध्ये गातो, नायिका काळी चारमध्ये. ऑर्गनवाल्याला केवळ बोटे सरकवावी लागतात, तबलजीला मात्र दोन्ही सुरांत लावलेले वेगवेगळे तबले जवळ बाळगावे लागतात. शिवाय गाता गाता नट एखादी तान वाढवितो, कधी घाबरून अंतरा गाळतो. त्याला सांभाळून घेणारा साथीदार त्याच्या सवयीचाच असावा लागतो. म्हणूनच ध्वनिमुद्रित साथीवर नाटक लावण्याची जी सोय अलीकडे सुचविली जाते, ती आम्हांस मान्य नाही. यंत्र नटासाठी थांबत नाही. त्यापेक्षा निम्मी पदे गाळावीत, पण उरलेली जिवंत साथीवर म्हणावीत.

हडपसर, पुणे येथील कामधंद्यावरून परतणाऱ्या मंडळींना रात्री नऊनंतरच सवड मिळते, हे खरे. किर्लोस्करांनाही कचेरी चुकली नव्हती. नाटक कोणते घ्यावयाचे हे मागाहून ठरेल. तूर्त ज्यांच्या घरी वडिलांच्या काळचा ऑर्गन किंवा पायपेटी भाते फाटून अडगळीत पडली असेल, त्यांनी ती दुरुस्तीसाठी मंडळाकडे द्यावी. आणि ज्या घरात तबला शिकणारी मुले-मुली आहेत, त्यांनी त्यांची नावे संमेलनापूर्वी कळवावीत.