तटस्थतेकडून 'नाटो'कडे : फिनलंडच्या संरक्षण धोरणातील सातत्य आणि बदल

प्रस्तावना :

आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या अभ्यासात लहान राष्ट्रांचा विचार बहुधा महासत्तांच्या संघर्षाच्या अनुषंगानेच केला जातो. लहान राष्ट्रालाही स्वतःचे असे संरक्षणविषयक चिंतन असू शकते, या बाबीकडे त्यामुळे दुर्लक्ष होते. या दृष्टीने फिनलंडचे उदाहरण उद्बोधक आहे. सुमारे ५६ लाख लोकसंख्येच्या या देशाची रशियाशी असलेली सीमा सुमारे १,३४० किलोमीटर लांबीची आहे. ४ एप्रिल २०२३ रोजी फिनलंड 'नाटो'चा ३१ वा सदस्य झाला आणि त्याच्या परंपरागत धोरणाचा अंत झाला, असे मानले गेले. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याहून थोडे वेगळे आहे. तटस्थता हे फिनलंडचे साध्य नसून साधन होते. स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याची क्षमता टिकविणे, हेच त्याचे साध्य होते.

युद्धाचा अनुभव :

६ डिसेंबर १९१७ रोजी स्वातंत्र्य घोषित करणाऱ्या फिनलंडने १९३० च्या दशकात स्कँडिनेव्हियन राष्ट्रांप्रमाणे तटस्थतेचा मार्ग स्वीकारला होता. परंतु ऑगस्ट १९३९ मधील जर्मन-सोव्हिएत कराराच्या गुप्त कलमांनी त्याला सोव्हिएत प्रभावक्षेत्रात टाकले. लेनिनग्राडच्या संरक्षणासाठी भूप्रदेश व तळ देण्याची सोव्हिएत मागणी फिनलंडने मान्य केली नाही. परिणामी ३० नोव्हेंबर १९३९ रोजी आक्रमण झाले. राष्ट्रसंघाने सोव्हिएत संघाची हकालपट्टी केली खरी, पण प्रत्यक्ष युद्धभूमीवर फिनलंडला बव्हंशी एकट्यानेच लढावे लागले. १०५ दिवसांच्या या हिवाळी युद्धानंतर मार्च १९४० मध्ये त्याला करेलियाचा मोठा भाग सोडावा लागला. पुढे १९४१ ते १९४४ या काळात जर्मनीच्या बाजूने लढून गमावलेला प्रदेश परत मिळविण्याचा प्रयत्नही अयशस्वी ठरला. चार लाखांहून अधिक विस्थापितांचे पुनर्वसन आणि ३० कोटी डॉलर्सची युद्धभरपाई हा भार या देशाने उचलला. ही भरपाई १९५२ मध्ये पूर्ण झाली.

तरीही फिनलंड सोव्हिएत अंमलाखाली गेला नाही. १९३९ मध्ये सोव्हिएत तळांना संमती देणारी एस्टोनिया, लाटव्हिया व लिथुआनिया ही राष्ट्रे १९४० मध्ये सोव्हिएत संघात विलीन केली गेली. या तुलनेतून फिनलंडच्या नेतृत्वाने दोन धडे घेतले. दूरच्या राष्ट्रांची सहानुभूती संरक्षण देत नाही, हा पहिला. स्वतःचा प्रतिकार पराभव टाळू शकला नाही तरी आक्रमकाला मोजावी लागणारी किंमत वाढवितो, हा दुसरा.

१९४८ चा करार आणि त्याची किंमत :

राष्ट्राध्यक्ष पासिकिवी यांची भूमिका वास्तववादी होती. भूगोल बदलता येत नाही आणि सोव्हिएत संघाची फिनलंडविषयक चिंता मुख्यतः लष्करी स्वरूपाची आहे, असे त्यांचे आकलन होते. ६ एप्रिल १९४८ रोजी झालेला मैत्री, सहकार्य व परस्पर साहाय्य करार याच आकलनावर उभा होता. जर्मनी किंवा तिच्या मित्रराष्ट्रांनी फिनलंडच्या भूमीवरून हल्ला केल्यास फिनलंडने आपल्या सीमेत लढावे, मात्र सोव्हिएत मदत उभयपक्षी संमतीनेच यावी, अशी त्यातील तरतूद होती. महासत्तांच्या संघर्षापासून दूर राहण्याची फिनलंडची इच्छाही त्यात नमूद झाली. हंगेरी व रुमानिया यांच्याशी झालेल्या सोव्हिएत करारांपेक्षा हा करार यामुळेच वेगळा ठरतो. भारतीय अभ्यासकांना परिचित असलेली अलिप्तता वसाहतवादविरोधी भूमिकेतून आली होती. फिनलंडची तटस्थता मात्र शेजाऱ्याच्या संशयाचे निराकरण करण्याच्या गरजेतून घडली.

या धोरणाची किंमतही लहान नव्हती. १९४७ मध्येच फिनलंडने मार्शल योजनेत सहभाग नाकारला होता. ऑक्टोबर १९६१ मध्ये सोव्हिएत सरकारने लष्करी सल्लामसलतीची मागणी करणारे पत्र पाठविले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष केक्कोनेन यांना नोवोसिबिर्स्क येथे जाऊन ख्रुश्चेव्ह यांची भेट घ्यावी लागली. देशांतर्गत राजकारणावर मॉस्कोच्या पसंती-नापसंतीची छाया पडली आणि वृत्तपत्रांनी स्वतःहून संयम पाळला. पश्चिम युरोपात यालाच उपहासाने 'फिनलंडीकरण' म्हटले गेले. ही टीका निराधार नव्हती, पण अपुरी होती. त्याच काळात फिनलंडने लोकशाही, बाजारव्यवस्था आणि सक्तीची लष्करी सेवा या तिन्ही गोष्टी जपल्या. १९४७ च्या पॅरिस तहाने भूदलावर ३४,४०० सैनिकांची मर्यादा घातली होती, तरी प्रशिक्षित राखीव दल उभे राहिले.

शीतयुद्धोत्तर काळ :

सप्टेंबर १९९० मध्ये फिनलंडने पॅरिस तहातील लष्करी निर्बंध एकतर्फी अमान्य केले. १९९२ मध्ये १९४८ चा करारही संपुष्टात आला आणि १९९५ मध्ये देश युरोपीय संघात दाखल झाला. तटस्थतेची जागा आता केवळ लष्करी अलिप्ततेने घेतली. या काळात अनेक युरोपीय राष्ट्रांनी सक्तीची लष्करी सेवा थांबविली. शेजारच्या स्वीडनने २०१० मध्ये ती स्थगित केली आणि २०१७ मध्ये पुन्हा सुरू करण्याचा निर्णय घेतला. फिनलंडने ती कधीच सोडली नाही. नागरी निवारे आणि अन्नधान्य व इंधनाचे साठेही कायम राखले.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर व्यापक आक्रमण केले. शेजाऱ्याच्या चिंतांची दखल घेतल्यास तो संयम पाळेल, हे जुन्या धोरणाचे गृहीतकच त्यामुळे कोसळले. मे २०२२ मध्ये संसदेने 'नाटो' सदस्यत्वाच्या अर्जास १८८ विरुद्ध ८ मतांनी पाठिंबा दिला.

समारोप :

फिनलंडने साधन बदलले, साध्य बदलले नाही. युद्धकाळात सुमारे २ लाख ८० हजार सैनिक उभे करण्याची क्षमता त्याने आघाडीत येतानाच सोबत आणली. त्यामुळे तो केवळ आश्रयार्थी ठरला नाही. अर्थात, आघाडीच्या सदस्यत्वाबरोबर इतरांच्या संरक्षणाचे दायित्वही येते, आणि आपली सीमा दोन लष्करी शक्तींमधील सीमा होते. लहान राष्ट्राला यातून पूर्ण सुटका नाही. जंगल व सरोवरांचा भूप्रदेश आणि व्यापक राजकीय सहमती यांचा लाभ प्रत्येक लहान राष्ट्राला मिळेलच असे नाही, म्हणून हा आदर्श सरसकट लागू करता येणार नाही. मात्र करार कोणताही असो, त्यामागे स्वतःची तयारी नसेल तर तो टिकाऊ संरक्षण देऊ शकत नाही, हा फिनलंडच्या इतिहासाचा निष्कर्ष दुर्लक्षिता येत नाही.